सिरियस आहे, निघून ये

दोन विमानतळांमधलं अंतर सांगणारी पानं इंटरनेटवर ढिगाने आहेत. एका चौकोनात इथलं शहर टाकायचं, दुसऱ्यात तिथलं, की बारा हजार अमुक किलोमीटर आणि पंधरा तास अमुक मिनिटं असं उत्तर येतं. ज्या घरातलं माणूस परदेशात आहे त्या घरात हे पान कधी ना कधी उघडलं जातंच, आणि बहुतेक वेळा ते घरात कुणीतरी गेल्यावर उघडलं जातं. मला त्या पानाचा राग आहे. ते खोटं बोलत नाही, पण त्याच्या भरवशावर बसलेल्या माणसांचे हाल मी दोनदा पाहिलेत. पहिल्यांदा त्या बारा हजारांच्या पलीकडच्या टोकाला मी होते, दुसऱ्यांदा अलीकडच्या.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे मी टोरांटोला गेले आणि बरीच वर्षं तिथे राहिले. आई, बाबा आणि माझा धाकटा भाऊ नाशिकला, अंबडच्या अलीकडे आमची कॉलनी आहे तिथे. बाबा अंबडच्या एका कारखान्यात टर्नर होते. आयुष्यभर लेथवर केसाएवढ्या फरकाची मापं घेतलेला माणूस, त्यामुळे नुसतं 'लांब आहे' एवढ्यावर त्यांचं समाधान व्हायचं नाही. मी गेले त्या आठवड्यात त्यांनी भावाचा शाळेतला पृथ्वीचा गोल माळ्यावरून खाली काढला, आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला आणि मुंबईपासून टोरांटोपर्यंत ताणून धरला. दोरा रशियावरून आणि वरच्या बर्फाळ समुद्रावरून गेला. "सरळ पश्चिमेला जायचं सोडून हे वर कशाला चढतात?" असं त्यांनी मला फोनवर विचारलं. मी म्हटलं, गोलावर तोच जवळचा रस्ता. ते त्यांना पटलं, कारण दोरा त्यांनी स्वतः ताणला होता. "पण मग ओझरला उतरवायला काय होतं त्यांना?" हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटला नाही. आपल्या गावाला विमानतळ असताना मुलीने मुंबईला उतरून पुढे चार-पाच तास गाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, हा त्यांना शुद्ध अडाणीपणा वाटायचा.

आई या मोजमापात पडायची नाही. तिचा एकच प्रश्न असायचा. "आज निघालीस तर कधी पोचशील?"

"उद्याचा दिवस धर. नाहीतर परवा."

"मग काय! लग्नसराईत मालेगावच्या एसटीत चढायलाच तेवढा वेळ लागतो," असं म्हणून ती हसायची. हे ती मला धीर द्यायला म्हणायची की स्वतःला, हे मी कधी विचारलं नाही.

एके दिवशी सकाळी मी कामावर जायच्या गडबडीत होते. भावाचा फोन आला. नाशिकला तेव्हा संध्याकाळ होत आलेली. तो म्हणाला, "ताई, आईला ॲडमिट केलंय. श्वासाचा त्रास होतोय. सिरियस आहे, पण डॉक्टर बघताहेत. तू निघून ये."

मी विचारलं, "बोलेल का माझ्याशी?"

"मास्क लावलाय गं. बोलता येत नाही."

"मग तिच्या कानाला फोन लाव. मी बोलते, ती ऐकेल."

तो म्हणाला, "आत फोन नेऊ देत नाहीत."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? हॉस्पिटलवाले फोन आत नेऊ देत नसतील हे कुणालाही पटण्यासारखं आहे. खरं म्हणजे आईने हॉस्पिटलचं दारसुद्धा पाहिलं नव्हतं. ती त्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातच कोसळली, आणि शेजारचे लोक रिक्षा घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. भाऊ बोलत होता तेव्हा ती बाहेरच्या खोलीत, त्याच्यापासून दोन हातांवर, बर्फाच्या पेटीत होती.

आमच्याकडे लांबच्या माणसाला मरण कळवत नाहीत. 'सिरियस आहे, निघून या' असं कळवतात. तारा येत होत्या तेव्हापासून हे चालू आहे. तारेत 'सिरियस' दिसलं की घरातली मोठी माणसं काय ते समजायची, आणि प्रवासाला निघालेल्याला मात्र कुणी काही समजू द्यायचं नाही. तो बिचारा एकटा, एवढा रस्ता, वाटेत त्याला कोण सावरणार, असा त्यामागचा हिशेब. त्या काळी रस्ता म्हणजे विंचूर ते नाशिक, फार तर मुंबई ते नाशिक. बारा हजार किलोमीटरसाठी हा रिवाज कुणी बसवलेला नव्हता. पण आम्ही तो तिथेही लागू केला.

थेट विमानात जागा नव्हती. दुबईला बदलून जाणारं तिकीट मिळालं. विमानात समोरच्या सीटच्या पाठीवर नकाशा असतो, त्यावर एक छोटं विमान सरकत असतं आणि खाली किती किलोमीटर राहिले ते दिसतं. दहा हजार, आठ हजार, पाच हजार. मी ते बघत पुढची सगळी व्यवस्था लावून टाकली. नाशिकला बरं वाटत नसेल तर मुंबईला हलवायचं. घरी आणल्यावर जिना नको, म्हणून तिला खालची खोली द्यायची आणि बाबांना वर पाठवायचं. त्यावरून बाबा कुरकुर करणार, त्यांना काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं. दुबईच्या विमानतळावर मी तिच्यासाठी खजूर घेतले आणि हॉस्पिटलात घालायला मऊ चपला घेतल्या. तिथून भावाला फोन केला तर म्हणाला, "डॉक्टर राउंडला आलेत, नंतर बोलतो." मला तेवढ्यानेही बरं वाटलं. राउंडला डॉक्टर आलेत म्हणजे बघण्यासारखं काहीतरी आहे.

त्या प्रवासात मी पोटभर जेवले. कॉफी दुसऱ्यांदा मागून घेतली. मन रमावं म्हणून एक विनोदी सिनेमा लावला, आणि त्यात एका जागी मी हसले. मोठ्याने हसले, शेजारच्या बाईने वळून पाहावं इतकं. हे हसणं पुढे कित्येक वर्षं माझ्या छातीत काट्यासारखं रुतून बसलं होतं.

मुंबईला न्यायला कॉलनीतलाच एक गाडीवाला आला होता. एरवी अखंड बडबडणारा माणूस. त्या दिवशी त्याने गाणी लावली नाहीत आणि स्वतःहून एक शब्द बोलला नाही. फक्त दर थोड्या वेळाने म्हणायचा, "ताई, काहीतरी खाऊन घ्या." शहापूरला म्हणाला, कसाऱ्याला म्हणाला. घाट चढून इगतपुरीला आल्यावर त्याने न विचारता गाडी थांबवली, वडापाव आणि चहा आणून माझ्या हातात दिला आणि मी संपवेपर्यंत दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, किती भला माणूस आहे. भला तो होताच. घरी पोचल्यावर ही बाई जेवणार नाही, म्हणून आधीच तिच्या पोटात चार घास घालायचं काम त्याला नेमून दिलेलं होतं. नाशिकपर्यंतच्या त्या अख्ख्या रस्त्यात एकट्या मलाच काही माहीत नव्हतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली आणि मला खुर्च्या दिसल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या, दोन्ही बाजूंना, आणि त्यावर पांढरे कपडे घातलेली माणसं. ती सगळी एकदम उठून उभी राहिली. मी गाडीवाल्याला म्हटलं, "पुढे घे ना, हॉस्पिटलला जायचंय आपल्याला." त्याने गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

आईचा चेहरा मला बघायला मिळाला. त्यासाठीच तिला ठेवलं होतं. पण आदल्या दिवशी बराच वेळ लाइट गेली होती, पेटी बंद पडली होती, आणि नंतर लाद्या आणून बर्फ घातला तरी व्हायचं ते होऊन गेलं होतं. चेहरा सुजला होता, काळवंडला होता. ती माझी आई होती हे मी तिच्या हातांवरून ओळखलं. मेणबत्त्या लागल्या, बुद्धवंदना झाली आणि तासाभरात तिला नेलं. कारण बाकी सगळं तयारच होतं, थांबले होते ते फक्त माझ्यासाठी.

संध्याकाळी मी भावाला गच्चीवर गाठलं. माणसं अजून खाली बसली होती, तरी मी आवाज खाली ठेवला नाही. मी म्हटलं, मला मूर्ख बनवलंत तुम्ही सगळ्यांनी. आई इथे बर्फात आणि मी तिकडे सिनेमा बघून हसत होते. मी चपला घेऊन आलेय तिच्यासाठी, चपला! तुला एकदाही वाटलं नाही की हिला खरं सांगावं?

"विमानात तू एकटी काय केलं असतंस?" तो म्हणाला.

"रडले असते! तेवढा तरी माझा हक्क होता की नाही?"

दोन दिवस तो झोपला नव्हता, डोळे लाल झाले होते, आणि मला त्याची जराही दया आली नाही. मी त्याच्याकडून शब्द घेतला. बाबांच्या वेळी असलं काही चालणार नाही. काही झालं तर पहिल्या फोनमध्ये, पहिल्या वाक्यात खरं सांगायचं. तो म्हणाला, "सांगेन. आणि तूही मला तसंच सांगायचंस." तेव्हा तो नाशिकलाच होता, त्यामुळे मला ते बोलायला म्हणून बोलल्यासारखं वाटलं. मी हो म्हटलं.

पुढे पारडं फिरलं. नवऱ्याचं तिथलं काम संपलं आणि आम्ही नाशिकला परत आलो, बाबांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. आणि दोनेक वर्षांत भाऊ बायको-मुलाला घेऊन ऑकलंडला गेला. बाबांनी पुन्हा गोल काढला, पुन्हा दोरा ताणला. माझ्या वेळचा दोरा त्यांनी गाठ मारून ठेवला होता. दोन्ही शेजारी ठेवले तर फरक जेमतेम नखाएवढा. "ती पश्चिमेला, हा पूर्वेला. दोघांनी मिळून सारखंच लांब जायचं ठरवलं होतं होय रे?" असं ते भावाला फोनवर म्हणाले. तो हसला. मग बाबा म्हणाले, "ओझरला उतरवतात का बघ तुझं तरी."

बाबा गेले तेव्हा खरं तर ते बरे होऊन घरी यायचे होते. तापाचं निमित्त झालं, छातीत कफ साठला, म्हणून चार दिवस हॉस्पिटलात ठेवलं. आदल्या संध्याकाळी मी भावाला व्हिडिओवर त्यांच्याशी बोलायला दिलं होतं. बाबांनी त्याला तिथल्या कांद्याचा भाव विचारला आणि ऐकून तोंडात बोट घातलं. सकाळी मी डिस्चार्जचं बघायला खाली गेले, वर आले तर पलंगाभोवती पडदा ओढलेला होता. नर्सने मला आत जाऊ दिलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली.

बाबांना घरी आणलं. विंचूरजवळच्या गावाहून आत्या आली. बाबांची ही थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली. ती आधी बाबांच्या उशाशी बसली, त्यांच्या केसांतून हात फिरवला, आणि मग मला हाताने जवळ बोलावून हळू आवाजात विचारलं, "पोराला फोन केला का?"

"आता करतेय."

"काय सांगनार?"

"काय म्हणजे? बाबा गेले म्हणून सांगणार."

तिने माझं मनगट धरलं. "नको बाई. सिरियस हाय म्हन. लय सिरियस हाय, निघून ये म्हन. येऊ दे त्याला. आल्यावर काय ते कळंल."

"आत्या, आईच्या वेळी माझं काय झालं ते तू पाहिलंस ना?"

"पाह्यलं," आत्या म्हणाली. "तू आलीस ते बी पाह्यलं."

तोवर बाहेर गल्लीतल्या पुरुषांनी ते पान उघडलंच होतं. शेजारचे काका मोबाइल लांब धरून वाचत होते, "बारा हजार तीनशे दाखवतंय. साडेपंधरा तास. म्हणजे आज संध्याकाळी बसला तर उद्या सकाळी मुंबईत. दुपारी नाशिकला. उद्या दुपारपर्यंत थांबायला काय हरकत आहे?" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी बर्फाच्या पेटीवाल्याला फोनही लावला. मला त्या सगळ्यांवर ओरडावंसं वाटलं. मुंबई ते ऑकलंड असं थेट विमानच नाही. ते पान एका अशा विमानाचा वेळ सांगतं जे उडतच नाही, जे कुठे थांबत नाही, ज्याला सीट शोधावी लागत नाही, जे रजा मागत नाही आणि जे भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकत नाही. पण त्या लोकांना थांबायचं होतं, आणि मलाही थांबायचं होतं. भावाने बाबांना बघावं एवढंच त्या दिवशी मला हवं होतं.

मी आतल्या खोलीत गेले, दार लावलं आणि फोन केला. मला माहीत होतं की मी 'सिरियस' म्हटलं तर तो एक प्रश्नही न विचारता निघेल. पण गच्चीवरचा शब्द होता, आणि त्या शब्दासाठी मी त्याला किती फाडून खाल्लं होतं तेही आठवत होतं. त्याने फोन उचलला. मी पहिल्याच वाक्यात सांगितलं.

"बाबा गेले रे. सकाळी. हॉस्पिटलातच."

तो ओरडला नाही. "अरे," एवढंच म्हणाला. मग म्हणाला, "काल कांद्याचा भाव विचारत होते." मग रडला. मीही रडले. मग त्याचा आवाज बदलला, आणि कीबोर्डचा आवाज येऊ लागला.

"आज रात्रीच्या सिंगापूरच्या विमानात एकही सीट दाखवत नाही. उद्या दुपारचं आहे. सिंगापूरला पुन्हा थांबायचं. मुंबईत परवा. म्हणजे घरी परवा रात्र होणार, ताई."

"चालेल," मी म्हटलं. "आम्ही थांबतो. तू ये."

तो टाइप करायचा थांबला. "नको," तो म्हणाला. "बाबांना ठेवू नका."

"अरे, आता चांगल्या पेट्या मिळतात. लाइटचाही तेव्हासारखा त्रास नाही."

"तू शेवटी आलीस, ताई. मी आईजवळ दोन दिवस बसलो होतो. लाइट गेली तेव्हा मी बसलो होतो. तिचा चेहरा तासातासाला बदलताना मी बघितलाय. बाबांचं तसं करायचं नाही. मला काल संध्याकाळचे बाबा दिसताहेत, तेच राहू देत. तुम्ही करून घ्या. मी व्हिडिओवर असेन."

मी पुन्हा म्हटलं, ये. तिसऱ्यांदाही म्हटलं. पण आईचा तो चेहरा मी जेमतेम तासभर पाहिला होता आणि अजून विसरले नव्हते. त्याने तर तो तसा होताना पाहिला होता. आणि हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कळत होतं, कारण त्या गच्चीवर मी फक्त माझंच बोलले होते.

बाहेर येऊन सांगितलं की भाऊ येत नाहीये, आजच करायचं. काकांनी पेटीवाल्याला परत फोन लावला. आत्याने फक्त विचारलं, "नाय येत म्हनतो?" मी म्हटलं, नाही. तिने पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळून बसली.

संध्याकाळी पाचच्या सुमारास बाबांना नेलं. माझ्या फोनवर भाऊ होता. तिकडे मध्यरात्र उलटलेली, अंगात स्वेटर, मागे काळी खिडकी. मी पुढे होते म्हणून फोन शेजारच्या काकांनी धरला होता. वंदना होईपर्यंत चित्र नीट होतं, तोही तिकडे हात जोडून म्हणत होता, त्याचा आवाज आमच्या आवाजाच्या थोडा मागून येत होता. अग्नी द्यायच्या वेळेला नेमका दुसरा एक फोन मधे घुसला, कर्ज हवंय का विचारणारा. काकांनी घाबरून भलतीच कळ दाबली आणि व्हिडिओ बंद पडला. पुन्हा लागेपर्यंत ज्वाळा वर आल्या होत्या. भावाने एवढंच विचारलं, "झालं का?" काका म्हणाले, "झालं बाळा."

त्या रात्री आत्या आमच्याकडेच राहिली. जेवायला बसलो, तेव्हा ताटातला भात चिवडत ती म्हणाली, "मी तुला बोल लावत नाय बाई. तू खरं बोललीस, चांगलंच केलंस. पन जित्या मानसासाठी मानूस उठून पळत येतो. मेलेल्यासाठी तो आधी इचार करतो. म्हनून आपलं सिरियस म्हनायचं असतं."

त्या रिवाजाला मी इतकी वर्षं फसवणूक म्हणत होते. लांबच्या माणसाला दुःख होऊ नये म्हणून खोटं बोलतात, असंच मी धरून चालले होते. ते त्याला आणण्यासाठी होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. 'गेली' असं ऐकलं असतं तर टोरांटोहून मी तशी धावत आले नसते, मीही कीबोर्डवर बसले असते, किती तास, किती थांबे, आता जाऊन काय उपयोग, असा हिशेब मांडला असता. आणि आणखी एक गोष्ट मला तेव्हा दिसली. कॉलनीसाठी आई त्या दिवशी सकाळीच गेली. माझ्यासाठी ती आणखी दीड दिवस जगली. तिला खालची खोली द्यायची होती, तिच्यासाठी बाबांशी भांडायचं होतं. तो दीड दिवस मला भावाने दिला, आणि तो देताना स्वतः तो त्या पेटीजवळ बसून होता.

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तो येईल असं मला वाटलं होतं. नाही आला. "आता येऊन कुणाला भेटू?" म्हणाला. मी म्हटलं, मला भेट. तो म्हणाला, येईन गं, नीट सुट्टी काढून येईन. त्यालाही आता बरेच महिने झाले. बाबांचं घर बंद आहे. आठवड्यातून एकदा जाऊन मी खिडक्या उघडते आणि परत लावते.

गेल्या महिन्यात रविवारी त्याचा फोन आला. आवाज बसलेला होता. सर्दी झालीय का विचारलं तर नाही म्हणाला. त्याच्या ऑफिसातला एक मराठी मुलगा, साताऱ्याकडचा. त्याला घरून फोन आला होता, वडील सिरियस आहेत, निघून ये. भावाने त्याला गाडीतून विमानतळावर सोडलं.

"त्याच्या काकांशी मी दोन मिनिटं बोललो, ताई. आवाजावरूनच मला कळलं. वडील गेलेले होते. त्याला मात्र काहीच कळलं नव्हतं. वाटेत गाडी थांबवायला लावून त्याने वडिलांसाठी मध घेतला. इथला मध खोकल्याला चांगला असतो म्हणे. सीट नव्हती, तर तीन ठिकाणी बदलत जाणारं तिकीट काढलं त्याने. काउंटरवर अक्षरशः धावत गेला."

"तू सांगितलंस त्याला?"

"नाही," भाऊ म्हणाला. "बॅग उचलून दिली फक्त."

मला वाटलं फोन कट झाला, म्हणून मी दोनदा हॅलो म्हटलं.

मग तो म्हणाला, "ताई, तू खोटं बोलायला हवं होतंस."

"आपलं ठरलं होतं ना रे. खरं सांगायचं म्हणून."

"ठरलं होतं," तो म्हणाला. "पण तू मोठी आहेस ना."

फोन कानाला लावून आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.